थ्रिफ्ट स्टोअर

थ्रिफ्ट स्टोअर हे लोकांनी दान केलेल्या, वापरलेल्या वस्तूंची अल्प किमतीत पुनर्विक्री करणारे दुकान होय. कपडे, पुस्तके, भांडीकुंडी, फर्निचर, खेळणी, चित्रे, ध्वनिमुद्रिका, दागिने अशा नाना प्रकारचा माल या दुकानांत असतो. बहुतेक थ्रिफ्ट स्टोअर धर्मादाय संस्थांमार्फत चालवली जातात व विक्रीचे उत्पन्न संस्थेच्या समाजकार्यासाठी वापरले जाते. ही संज्ञा मुख्यतः अमेरिका व कॅनडात रूढ आहे. ब्रिटन व आयर्लंडमध्ये अशा दुकानाला 'चॅरिटी शॉप', तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये 'ऑप शॉप' म्हणतात.

गरजूंना स्वस्त वस्तू मिळाव्यात आणि बेरोजगारांना काम मिळावे, या हेतूने ही दुकाने सुरू झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र दुर्मीळ, जुन्या किंवा उत्तम बनावटीच्या वस्तू हुडकून काढण्याचे ठिकाण म्हणूनही ती ओळखली जाऊ लागली. गरज आणि छंद या दोन्हींसाठी येणारे ग्राहक एकाच दुकानात एकाच मालावर अवलंबून असतात. या दुकानांचे आकर्षण आणि त्यांच्याविषयीचे वाद या दोहोंचे मूळ त्यातच आहे.

संज्ञा व व्याप्ती

इंग्रजीतील 'थ्रिफ्ट' या शब्दाचा अर्थ काटकसर असा आहे. भरभराट होणे या अर्थाच्या 'थ्राइव्ह' या क्रियापदाशी त्याचे व्युत्पत्तीचे नाते आहे. मराठीत या दुकानासाठी सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही.

जुन्या वस्तूंच्या विक्रीचे इतर प्रकार थ्रिफ्ट स्टोअरहून भिन्न आहेत. पुराणवस्तूंच्या दुकानात जाणकार विक्रेता माल पारखून विकत घेतो व त्याचे मूल्य ओळखून भाव ठरवतो. 'कन्साइनमेंट' दुकानात वस्तू मूळ मालकाच्याच नावावर राहते आणि विक्रीनंतर त्याला ठरलेला वाटा मिळतो. जुन्या बाजारात अनेक स्वतंत्र विक्रेते असतात व घासाघीस चालते. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये माल दानातून आलेला असतो, किमती सहसा ठरलेल्या असतात आणि वस्तूचा पूर्वेतिहास विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक नसतो.

इतिहास

वापरलेल्या कपड्यांचा व्यापार युरोपात फार जुना आहे. कापड महाग होते त्या काळात एकच वस्त्र अनेक हातांतून जात असे. औद्योगिक क्रांतीनंतर तयार कपडे स्वस्त झाले आणि शहरी घरांमध्ये टाकाऊ ठरणाऱ्या वस्तूंचे प्रमाण वाढले. त्यांचा उपयोग दारिद्र्यनिवारणासाठी करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती सेवासंस्थांनी उचलून धरली.

साल्व्हेशन आर्मीचे संस्थापक विल्यम बूथ यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, घरोघरी पडून राहिलेल्या वस्तू गोळा करून त्यांतून बेकारांना काम देण्याची योजना मांडली होती. याच धर्तीवर १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये संस्थेच्या निवारागृहात जुन्या वस्तूंचे संकलन व दुरुस्ती सुरू झाली. १९०२ साली बोस्टनमध्ये मेथडिस्ट धर्मोपदेशक एडगर जे. हेल्म्स यांनी संपन्न वस्त्यांतून जुने कपडे व घरगुती सामान गोळा करून गरीब व स्थलांतरित लोकांना त्यांच्या दुरुस्तीचे काम दिले. दुरुस्त वस्तू विकून त्यातून मजुरी भागवली जाई. या उपक्रमातून 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. आयत्या भिक्षेऐवजी रोजगार देण्यावर या दोन्ही उपक्रमांचा भर होता.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४२ साली ऑक्सफर्ड येथे दुष्काळ निवारणासाठी एक समिती स्थापन झाली. हीच पुढे 'ऑक्सफॅम' या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरील कायमस्वरूपी दुकान १९४७-४८ च्या सुमारास सुरू झाले. मदतीसाठी आलेल्या वस्तूंपैकी ज्या थेट उपयोगाच्या नव्हत्या त्या विकून निधी उभारणे ही त्यामागील कल्पना होती. पुढे ब्रिटनमधील बाजारपेठांच्या मुख्य रस्त्यांवर अशी दुकाने नेहमीची झाली. धर्मादाय संस्थांच्या मालकीबाहेरील साखळीही याच काळात उभी राहिली. १९५४ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली 'सेव्हर्स' ही कंपनी धर्मादाय संस्थांकडून माल विकत घेऊन नफ्यासाठी दुकाने चालवते.

या दुकानांतून खरेदी करणे हे दीर्घकाळ गरिबीचे लक्षण मानले जाई. १९६० च्या दशकात उपभोगवादाला विरोध करणाऱ्या तरुणांनी जुने कपडे हेतुतः वापरण्यास सुरुवात केली. १९९० च्या दशकात सिएटलमधील 'ग्रंज' संगीताच्या प्रभावाने विटके फ्लॅनेलचे शर्ट व जुने स्वेटर यांना प्रतिष्ठा मिळाली. मॅकलमोर व रायन लुइस यांचे 'थ्रिफ्ट शॉप' हे २०१२ मधील गीत २०१३ साली अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले.

कार्यपद्धती

दान आलेल्या वस्तूंची प्रथम वर्गवारी केली जाते. फाटक्या, ओलसर, डागाळलेल्या किंवा असुरक्षित वस्तू बाजूला काढल्या जातात. उरलेल्या वस्तूंवर किंमतपट्टी लावून त्या मांडणीवर ठेवल्या जातात. अनेक दुकानांत आठवड्यागणिक किंमतपट्टीचा रंग बदलतो. माल किती दिवस पडून आहे हे रंगावरून कळते आणि ठरावीक मुदतीनंतर त्या रंगाच्या वस्तूंवर सवलत दिली जाते.

तरीही न विकलेला माल काही संस्था आपल्या विशेष विक्री केंद्रांत मोठ्या पेट्यांमध्ये ओतून वजनावर विकतात. त्यातूनही उरलेल्या कपड्यांच्या गासड्या बांधून त्या व्यापाऱ्यांना विकल्या जातात. त्यांपैकी काही कपडे निर्यात होतात, काहींचे पुसणी फडके होते, तर काहींचे तंतू सुटे करून पुन्हा वापरले जातात.

कररचनेचाही या व्यवहाराशी संबंध आहे. अमेरिकेत तपशीलवार वजावटी दाखवणाऱ्या करदात्याला चांगल्या स्थितीतील वस्तूंच्या दानावर आयकरात वजावट मिळू शकते. ब्रिटनमध्ये मुख्यतः दानाच्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानांना स्थानिक व्यापारी करात ८० टक्के सूट मिळते. तेथील 'गिफ्ट एड' योजनेत दुकान दात्याचे प्रतिनिधी म्हणून वस्तू विकते, दाता ती रक्कम संस्थेला देतो आणि प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स शासनाकडून संस्थेला मिळतात.

शोधाचे आकर्षण

सामान्य दुकानात ग्राहकाला हवी असलेली वस्तू ठरलेल्या जागी व ठरलेल्या किमतीला मिळते. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये आज कोणता माल येईल हे दुकानदारालाही सांगता येत नाही. प्रत्येक वस्तू एकुलती एक असते. आज सोडून दिलेली वस्तू उद्या तेथे असेलच असे नाही. अधूनमधून आणि अनपेक्षितपणे मिळणारे फळ माणसाला पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांती मांडलेले तत्त्व या संदर्भात लागू पडते. दहा फेऱ्या रिकाम्या जाऊनही अकराव्या फेरीचा उत्साह टिकतो, तो यामुळेच.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ मायकेल थॉम्पसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या 'रबिश थिअरी' या ग्रंथात वस्तूंच्या मूल्याविषयी एक सिद्धांत मांडला. त्यांच्या मते वस्तूंचे दोन मान्य वर्ग असतात: काळाबरोबर मूल्य घटत जाणाऱ्या आणि काळाबरोबर मूल्य वाढत जाणाऱ्या. पहिल्या वर्गातील वस्तू थेट दुसऱ्या वर्गात जात नाही. ती आधी शून्य मूल्याच्या, म्हणजे अडगळीच्या अवस्थेत पोहोचते आणि तेथून कुणाच्या तरी नजरेस पडून पुन्हा वर येते. थॉम्पसन यांनी यासाठी कॉव्हेन्ट्री येथील थॉमस स्टीव्हन्स यांच्या विणलेल्या रेशमी चित्रांचे उदाहरण दिले. एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय असलेली ही चित्रे पुढे कवडीमोल झाली आणि नंतर संग्राहकांनी त्यांना मोठी किंमत दिली. थ्रिफ्ट स्टोअर ही अडगळीची अवस्था जेथे सर्वांसमोर मांडलेली असते, अशी जागा म्हणता येईल. वस्तू आणि तिचे मूल्य यांची ताटातूट झालेली असते. ज्याला वस्तूची पारख आहे तो ती पुन्हा जोडतो.

हा आनंद केवळ स्वस्ताईचा नसतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावरील वाढदिवसाच्या शुभेच्छा, पाककृतीच्या वहीतील समासात केलेली दुरुस्ती, कोटाच्या खिशात राहिलेले नाटकाचे तिकीट अशा खुणांमधून अनोळखी माणसाच्या आयुष्याचा ओझरता परिचय होतो. निकी ग्रेगसन व लुईस क्रू या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी 'सेकंड-हँड कल्चर्स' (२००३) या ग्रंथात अशा खरेदीमागील कल्पनाशक्ती, कौशल्य व सामाजिकता यांचा अभ्यास केला आहे.

वस्तूंची पारख

अनुभवी ग्राहक वस्तूचे वय व दर्जा काही खुणांवरून ताडतात:

• देशाचे नाव: १८९० च्या मॅकिन्ले कायद्यानुसार अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव आवश्यक झाले. 'ऑक्युपाइड जपान' ही खूण युद्धोत्तर ताब्याच्या काळातील (१९४५–१९५२), तर 'वेस्ट जर्मनी' ही खूण १९४९ ते १९९० या काळातील वस्तूवर आढळते.
• कपड्यांवरील पट्टी: अमेरिकेत धुलाईच्या सूचना देणारी कायमची पट्टी १९७२ पासून बंधनकारक झाली. ती मुळातच नसेल तर अमेरिकन बनावटीचा कपडा त्याआधीचा असण्याची शक्यता असते. मात्र पट्टी कापून टाकलेलीही असू शकते.
• चांदीवरील छाप: ब्रिटिश चांदीच्या वस्तूंवर शुद्धता, परीक्षण केंद्र व कारागीर यांच्या छापांसोबत वर्षदर्शक अक्षरही आढळते.
• बनावट: शिवणीची बारकाई, जुळवलेली नक्षी, शिवणीत ठेवलेले जादा कापड व लाकडी फर्निचरमधील सांध्यांची पद्धत यांवरून दर्जा कळतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने काही वस्तू जुन्या घेणे टाळावे, असा सल्ला दिला जातो. आघात सोसलेले शिरस्त्राण किंवा मोटारीतील बालआसन बाहेरून धडधाकट दिसले तरी निकामी झालेले असू शकते. बाजू खाली सरकणाऱ्या पाळण्यांच्या विक्रीवर अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे. तेथे घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली निर्बंध आले, त्यामुळे त्यापूर्वी रंगवलेली खेळणी व फर्निचर मुलांसाठी घातक ठरू शकतात.

उल्लेखनीय शोध

२००६ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथील एका थ्रिफ्ट स्टोअरमध्ये एका ग्राहकाने २.४८ डॉलरला अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची गुंडाळलेली प्रत विकत घेतली. ती १८२३ साली विल्यम स्टोन यांनी कोरलेल्या ताम्रपटावरून छापलेल्या २०० अधिकृत प्रतींपैकी एक असल्याचे निष्पन्न झाले. २००७ च्या लिलावात तिला ४,७७,६५० डॉलर मिळाले. मूळ मालकाने गॅरेज आवरताना ती दान केली होती.

निवृत्त ट्रकचालक टेरी हॉर्टन यांनी कॅलिफोर्नियातील एका दुकानातून ५ डॉलरला घेतलेले भव्य चित्र प्रसिद्ध चित्रकार जॅक्सन पोलॉक यांचे असल्याचा दावा पुढे करण्यात आला. चित्रावरील बोटाच्या ठशाचा पुरावा मांडला गेला, पण कलाक्षेत्रातील अनेक तज्ज्ञांनी तो स्वीकारला नाही. या वादावर २००६ साली एक माहितीपट प्रदर्शित झाला. वस्तू खरी असणे आणि ती खरी म्हणून मान्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणातून दिसते.

२०१८ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे ३४.९९ डॉलरला विकला गेलेला एक संगमरवरी अर्धपुतळा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पुतळा निघाला. तो बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याच्या संग्रहातील असून अशाफेनबुर्ग येथील 'पोम्पेयानुम' या वास्तूत ठेवलेला होता. दुसऱ्या महायुद्धात ती वास्तू बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाली आणि पुतळा नाहीसा झाला. तो एखाद्या अमेरिकन सैनिकाने नेला असावा, असा तर्क आहे. पुतळा कायदेशीररीत्या विकलाच गेला नसल्याने खरेदीदाराला त्याची मालकी मिळाली नाही. बव्हेरियाशी झालेल्या करारानुसार तो २०२२ पासून वर्षभर सॅन अँटोनियो कलासंग्रहालयात प्रदर्शित होऊन नंतर जर्मनीला परत गेला.

असे शोध अत्यंत विरळ असतात. बहुसंख्य ग्राहकांच्या हाती लागणारा ठेवा म्हणजे बिडाचा जुना तवा, शुद्ध लोकरीचा कोट किंवा छपाई बंद झालेले पुस्तक असाच असतो.

टीका व वाद

अधिक उत्पन्नाचे ग्राहक, विशेषतः पुनर्विक्रीसाठी खरेदी करणारे लोक वाढल्यामुळे किमती चढतात व गरजूंच्या वाट्याचा चांगला माल कमी होतो, असा आक्षेप घेतला जातो. हिवाळी कोट, मोठ्या मापाचे कपडे व लहान मुलांचे बूट यांबाबत हा आक्षेप अधिक गंभीर ठरतो. याउलट, दानात येणारा बराचसा माल मुळात विकलाच जात नाही आणि अधिक किंमत मिळाल्यास संस्थेच्या कार्याला अधिक निधी मिळतो, असा प्रतिवाद केला जातो. संस्थांनी महाग वस्तू दुकानात न ठेवता ऑनलाइन लिलावात विकण्यास सुरुवात केल्याने 'दुकानात आता ठेवा उरलाच नाही' अशी छंदी ग्राहकांचीही तक्रार असते. 'ईबे' (१९९५) व त्यानंतरच्या संकेतस्थळांमुळे कोणत्याही वस्तूचा बाजारभाव क्षणात कळू लागला आणि केवळ पारखीवर मिळणारा लाभ आकसला.

अमेरिकेत १९३८ च्या श्रम मानक कायद्यातील एका तरतुदीनुसार अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी मोबदला देण्याची मुभा आहे. गुडविलच्या काही प्रादेशिक शाखांनी या तरतुदीचा उपयोग केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली.

पर्यावरणाच्या दृष्टीने पुनर्वापर हितकारक मानला जातो. परंतु दान करण्याच्या सोयीमुळे अनावश्यक खरेदीला नैतिक सबब मिळते, असेही मत आहे. न विकलेल्या कपड्यांचा मोठा ओघ आफ्रिकेकडे जातो. घानामधील आक्रा येथील कांतामांतो व केनियातील नैरोबी येथील गिकोंबा हे अशा कपड्यांचे मोठे बाजार आहेत. या व्यापारावर अनेकांची उपजीविका चालते. मात्र निकृष्ट कपड्यांचा कचरा तेथील शहरांवर पडतो व स्थानिक वस्त्रोद्योगाला झळ बसते. पूर्व आफ्रिकी समुदायाने २०१६ साली ही आयात टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. रवांडाने आयातकर वाढवल्यावर अमेरिकेने २०१८ साली त्या देशाच्या तयार कपड्यांना मिळणारी करसवलत स्थगित केली.

भारतातील स्थिती

भारतात पाश्चात्त्य धर्तीची थ्रिफ्ट स्टोअर अलीकडेपर्यंत फारशी नव्हती. याचा अर्थ जुन्या वस्तूंचा पुनर्वापर नव्हता असा नाही. रद्दीवाला, भंगारवाला आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण यांच्यामार्फत वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचत असत. दान आणि विक्री यांऐवजी येथे अदलाबदल होती. त्यामुळे वस्तू देणाऱ्यालाही काही मोबदला मिळे. महाराष्ट्रात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्याची आणि नवजात बालकासाठी घरातील जुने, मऊ सुती वस्त्र वापरण्याची प्रथा आहे. नात्यातील जुने वस्त्र मायेचे मानले गेले, तरी परक्याचे उतरलेले कपडे वापरण्याबाबत मात्र संकोच, तसेच शुचितेच्या व जातिभेदाच्या कल्पना आड येत राहिल्या.

मुंबईत भेंडी बाजारानजीकच्या मटन स्ट्रीट परिसरातील चोर बाजार आणि पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहेत. येथील विक्रेते स्वतः मालाचे जाणकार असतात व घासाघीस हा व्यवहाराचा भाग असतो. दुर्लक्षित घरगुती वस्तूंचे मोल ओळखण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा संग्रह. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा नित्याच्या वापरातील वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या व त्यांतून पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले.

अंशू गुप्ता यांनी १९९९ साली स्थापन केलेली 'गूंज' ही संस्था शहरांतील वापरलेले कपडे व साहित्य ग्रामीण भागात पोहोचवते. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बंधारा अशी सामुदायिक कामे करावीत आणि त्याचा मोबदला म्हणून हे साहित्य स्वीकारावे, अशी तिची पद्धत आहे. गुप्ता यांना २०१५ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वापरण्याजोग्या जुन्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत. हरियाणातील पानिपत येथे परदेशातून आलेल्या लोकरी चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून घोंगड्या बनवण्याचा मोठा उद्योग आहे. २०२० नंतर भारतीय शहरांतील तरुणांमध्ये समाजमाध्यमांवरून जुने कपडे विकणाऱ्या लहान दुकानांचा प्रसार झाला. ही दुकाने 'थ्रिफ्ट' हे नाव वापरत असली, तरी त्यांपैकी अनेक खासगी व्यवसाय आहेत.

हेही पाहा

• चोर बाजार
• जुना बाजार, पुणे
• राजा दिनकर केळकर संग्रहालय
• ऑक्सफॅम
• गूंज
• गोधडी
• पुनर्वापर